पुसलेली राणी

लघुचित्राला बसलं की आधी क्षितिज कुठे ठेवायचं ते ठरवावं लागतं. इराणी आणि दख्खनी चितारी ते थेट कागदाच्या वरच्या काठाजवळ नेतात. जवळचं खाली, लांबचं वर. लांबचा म्हणून माणूस लहान होत नाही. कर्जतमध्ये राहणाऱ्याला हे पटवून द्यावं लागत नाही. उल्हास नदीच्या काठी उभं राहिलं की भातखाचरं, वाडी, रान, कातळ असा थरावर थर चढत माथेरानचा डोंगर उभा राहतो. आभाळाच्या वाट्याला वरची चिंचोळी पट्टी.

सावली मात्र या चित्रांत जवळपास नसतेच. सूर्य कुठे आहे हे सांगायचंच नसतं. रात्र असेल तर एक मेणबत्ती नाहीतर चंद्रकोर. चेहरे, अंगरखे दिवसासारखेच लख्ख. आकृती दिसते कशी, यापेक्षा ती तिथे का आहे, याला किंमत. हेरातचा चितारी बिहजाद याने सादीच्या ‘बुस्तान’ काव्याच्या १४८८ च्या पोथीत जुलेखाचा महाल काढला, तो जिने, वळणं आणि बंद दारांचा. तिच्या मोहातून सुटू पाहणाऱ्या युसुफची कोंडी चेहऱ्यावर शोधू नये, ती दारांत आहे.

आपल्या घरचंच उदाहरण घ्या. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाचे गोडवे गाणारं आफताबीचं फारसी काव्य, ‘तारीफ-इ-हुसेनशाही’. साधारण १५६५ च्या सुमाराची ही सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. शहाच्या सोबत त्याची बेगम खुंजा हुमायून, म्हणजे चांदबिबीची आई, चितारली होती. शहा गेल्यावर तिने मुलाच्या नावाने राज्य हाकलं, १५६९ मध्ये मुलानेच तिला कैदेत टाकलं. बहुतेक चित्रांतली तिची आकृती फासून टाकलेली आहे. ते याच पडझडीनंतर झालं असावं, असं मानतात. पण मांडणीच दोघांची, त्यामुळे उरलेल्या डागालाही राणीचा मान मिळतो. त्याच पोथीत स्त्रीच्या स्पर्शाने झाड बहरतं. ही कल्पना इराणची नव्हे, आपल्याकडच्या दोहद या काव्यसंकेताची.

राणी पुसलेल्या अशा पानाची नक्कल करताना ‘राणी परत काढा की’ असं लोक सुचवतात. मी डागच रंगवतो. खालापूरकडच्या रानातला धावड्याचा डिंक रंगात खलायचा आणि जवळजवळ कोरड्या कुंचल्याने थर चढवायचे. खरं तर वेणी-ओढणीची राणी काढणं याहून सोपं. श्रावणात तर डिंक धड वाळतही नाही. डागाची कड जरा बाहेर गेली की राणी शहाहून मोठी होते, आणि या चित्रांत आकार मोठा म्हणजे दर्जा मोठा. मग ओल्या कापसाने थर उचलायचा आणि कड पुन्हा आत घ्यायची.