आर्मेनियाविद्या : ग्रंथ आहेत, वाचणारे हवेत

१/ आर्मेनियन भाषेतील पहिले नियतकालिक कोठे निघाले? येरेवानला नव्हे, इस्तंबूललाही नव्हे. ते निघाले मद्रासला, १७९४ साली. नाव ‘अझ्दरार’, संपादक धर्मगुरू हारुत्युन श्माव्होन्यान. आर्मेनियाविद्येला आपण सर्वस्वी परकी मानू नये, असे मला वाटते ते यामुळेच.

२/ या विद्येचा पाया लिपीत आहे. इ.स. ४०५च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स यांनी वर्णमाला घडवली आणि ग्रीक व सिरियाक ग्रंथांची भाषांतरे सुरू झाली. फिलोचे काही ग्रंथ मूळ ग्रीकमधून लुप्त झाले. ते केवळ आर्मेनियन भाषांतरात उरले. १७१७ पासून व्हेनिसजवळच्या सान लाझ्झारो बेटावर मखितारी साधूंनी हा वारसा जपला, छापला. १८७५ मध्ये हाइन्रिख ह्युब्शमान यांनी आर्मेनियन ही इराणी भाषांची उपशाखा नसून भारत-युरोपीय कुळातील स्वतंत्र शाखा असल्याचे दाखवून दिले.

३/ आज येरेवानच्या मातेनादारानमध्ये १७ हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. साधनांची वाण नाही. पण ज्या समाजातून अभ्यासक घडतात तोच विखुरतो आहे. १९१५च्या संहारातून वाचलेल्यांनी बेरूत, पॅरिसला नेलेली पश्चिम आर्मेनियन बोली युनेस्कोच्या संकटग्रस्त भाषांच्या यादीत आहे. नखिचेवानमधील जुन्या जुल्फाच्या दफनभूमीतल्या कोरीव क्रूसशिळा २००५ अखेर नामशेष झाल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये काराबाखमधून एक लाखाहून अधिक आर्मेनियन परागंदा झाले.

४/ अशा काळात ही विद्या केवळ शोकाची नोंदवही होण्याचा धोका असतो. संहाराचा अभ्यास अटळच आहे; परंतु ज्यांचे केवळ मरण अभ्यासले जाते, त्यांचे जगणे दुसऱ्यांदा हरवते.

५/ त्या जगण्याचा एक पुरावा पाहा. इस्फहानजवळच्या नव्या जुल्फाचा व्यापारी होव्हान्नेस १६८२ मध्ये निघाला आणि सुरत, आग्रा करीत ल्हासापर्यंत गेला. त्याची हिशेबवही लिस्बनला सापडली. १९८४ मध्ये ती येरेवानला छापली गेली. तीत जुल्फाची बोली आहे, फारसी आणि हिंदुस्थानी शब्दही आहेत. एकट्या आर्मेनियन पंडिताला ती पुरती उलगडणार नाही, एकट्या भारतीय इतिहासकारालाही नाही.

६/ म्हणून या विद्येचे भवितव्य मला शेजारच्या विद्यांशी होणाऱ्या सहकार्यात दिसते. हस्तलिखितांची छायाचित्रे संगणकावर येत आहेत, हे इष्टच. पण छायाचित्र म्हणजे वाचन नव्हे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी रुमाल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. कागद टिकला तरी लिपी जाणणारा गेला की दफ्तर मुके होते.

७/ सुरत, मुंबई, चेन्नई, कोलकाता येथे आर्मेनियन कोरीव लेख आजही उभे आहेत. आपल्या विद्यापीठांतून दोन-चार तरुणांनी ही लिपी शिकली, तरी आपल्याच सागरी व्यापाराचा एक अपरिचित अध्याय वाचता येईल. वर्णमाला केवळ ३९ अक्षरांची आहे.