आधी चुना, मग खत

एडिसन, न्यू जर्सी
ऑक्टोबर

चि. निनाद यास,


मेथीचे फोटो पाहिले. चार बोटं वाढून पिवळी पडलीय, आणि पालक उगवला तेवढाच राहिलाय. “आत्या, आता कुठलं खत घालू?” असं विचारलंयस. तूर्त कुठलंच नको. रटगर्सच्या माती परीक्षणाचा जो रिपोर्ट पाठवलास, त्यातच उत्तर आहे: सामू ४.९.

बहुतेक भाज्यांना सामू सहा ते सातच्या दरम्यान लागतो. फरक एवढासा वाटेल, पण या मापात एक अंक उतरला की आम्लता दहापट वाढते. पालक आणि बीट तर आम्ल जमीन अजिबात सोसत नाहीत.

मेथीचं एक रोप अलगद उपटून बघ. मुळं आखूड, जाडसर, ठिसूळ असतील आणि बारीक तंतू जवळजवळ नसतील. हे काम अ‍ॅल्युमिनियमचं. ते मातीत असतंच, एरवी निरुपद्रवी. सामू साडेपाचाच्या खाली गेला की ते विरघळतं आणि मुळांची टोकं खुरटवतं. स्फुरदालाही ते आणि लोह धरून ठेवतात. कॅल्शियम, मॅग्नेशियम पावसानं आधीच वाहून गेलेलं. म्हणजे भरल्या ताटावर तोंड बांधून बसवल्यासारखी गत. वाढप वाढवून काय उपयोग? मेथीचं आणखी एक दुखणं: तिच्या मुळांवर गाठी करून नत्र पुरवणारे जिवाणू आम्ल मातीत तग धरत नाहीत. म्हणून ती पिवळी.

दादा फोनवर “थोडा युरिया मार” म्हणाला असेल. त्याचं चूक नाही. सांगलीकडच्या काळ्या रानात चुनखडी भरपूर, तिथलं दुखणं उलटं, जमीन चोपण होण्याचं. तुमच्या साउथ जर्सीच्या रेताड मातीत मात्र युरियातल्या अमोनियाचं नायट्रेट होताना आम्लता आणखी वाढते.

व्हर्जिनियात एडमंड रफिन नावाचा जमीनदार होता. तंबाखूनं थकलेल्या त्याच्या जमिनीत शेणखत घालूनही फरक पडेना. १८१८ साली त्यानं शिंपल्यांच्या चुन्यानं भरलेली माती शेतात पसरवली, आणि मका जोमानं आला. खणायचं, वाहायचं काम अर्थात त्याच्या गुलामांनी केलं. आम्लता मारल्याशिवाय खत लागू पडत नाही, हे त्यानं १८३२ साली पुस्तक लिहून मांडलं. तुझ्या वाफ्याला तेच लागू आहे.

तेव्हा गार्डन सेंटरमधून डोलोमाइट चुना आण. रिपोर्टमध्ये लिहिलाय तेवढाच टाक. रेताड मातीला चिकणमातीपेक्षा कमी पुरतो, आणि जास्त झाला तर लोह, मँगनीज मिळेनासं होतं. नुसता वर भुरभुरू नकोस, वरच्या सहा इंचांत नीट मिसळ. सोबत ताजं शेणखत घालू नकोस, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. चुन्याला मुरायला काही महिने लागतात, म्हणून हे काम जमीन गोठायच्या आत उरक.

सगळ्या परसात मात्र चुना टाकू नकोस. कुंपणालगतच्या पट्ट्यात ब्लूबेरी लाव. तिला आम्ल मातीच लागते, हे कृषी खात्याच्या फ्रेडरिक कोव्हिलनं प्रयोगांनी दाखवलं. मग त्यानं आणि एलिझाबेथ व्हाइटनं तुमच्याच भागातल्या व्हाइट्सबॉगला ती लावून १९१६ साली पहिलं पीक बाजारात पाठवलं. बटाटाही थोडी आम्ल जमीन चालवून घेतो, उलट खवड्या रोग कमी पडतो.

एप्रिलच्या सुरुवातीला मातीचा नमुना पुन्हा तपासून घे. सामू सहाच्या वर गेल्याशिवाय मेथी पेरायची नाही, मग दादा फोनवर काहीही सांगो.

तुझी,
आत्या