संयोगचिन्ह

ओळ भरली आणि शब्द उरला, की छपाईत तो तोडावा लागतो. तोडल्याची खूण म्हणून येणाऱ्या आडव्या रेघेला मराठीत मात्र 'संयोगचिन्ह' म्हणतात, याची आम्हां भाषाशिक्षकांना नेहमीच गंमत वाटत आली आहे.

डोनाल्ड क्नूथ यांच्या 'टेक' या अक्षरजुळणी-प्रणालीसाठी फ्रँक लियांग यांनी १९८३च्या आपल्या प्रबंधात शब्दकोशाच्या आधारे इंग्रजीचे सुमारे साडेचार हजार आकृतिबंध काढले. अक्षरांमधला विषम अंक तोडण्यास मुभा देतो, सम अंक मनाई करतो. मराठीची नियमावली त्यामानाने अगदी आटोपशीर आहे: काना-मात्रा, अनुस्वार यांच्या आधी आणि जोडाक्षराच्या मध्ये तोडू नये, एरवी कोठेही तोडावे. जुन्या पोथ्यांचे लेखनिकही ओळीअखेर शब्द असाच तोडत.

या नियमाने 'अविचार' हा 'अवि-चार' असाही तुटू शकतो, आणि वाचक क्षणभर चार या आकड्याशी अडखळतो. यंत्राला अक्षर कळते. शब्दाची घडण कळत नाही. 'विद्यालय' घ्या. संधीतला 'आ' विद्येचाही आणि आलयाचाही. ओळीअखेर तो विद्येकडे राहतो आणि पुढच्या ओळीत उरतो तो नुसता 'लय'!

समासविग्रह आम्ही वर्षानुवर्षे गुणांसाठी शिकवीत आलो. त्याचा खरा उपयोग येथे आहे. सामासिक शब्दांचे सांधे दाखविणारी यादी संगणकतज्ज्ञ एकटे कोठून आणणार? ती आम्हीच करून द्यायला हवी.