साठीनंतरची ओळख

लेस्टर, ४ मार्च २०२४
जेवणाच्या वेळीच फायर अलार्मची चाचणी झाली. बाईंनी ताट भिरकावलं आणि कान दाबून जिन्याखाली जाऊन बसल्या. साठी उलटली आहे, बोलत नाहीत. आधी मोठ्या संस्थेत होत्या, आता आमच्या या सहा जणांच्या घरात. फाइलमध्ये एकच शेरा: 'तीव्र बौद्धिक अक्षमता'. चिडल्या तरी तेच कारण, जेवल्या नाहीत तरी तेच.

६ मार्च
ही स्वमग्नता (ऑटिझम) तर नसेल, या शंकेने रात्रपाळीत वाचत बसले. २००७ च्या पाहणीत इंग्लंडमधल्या प्रौढांत स्वमग्नतेचं प्रमाण शेकडा एक निघालं. पण ती पाहणी घरोघरची. आमच्यासारखी निवासगृहं तिच्यात नव्हतीच. मग इथल्याच विद्यापीठाच्या टेरी ब्रुघा यांच्या चमूने मध्यम ते अतितीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांना स्वतंत्रपणे तपासलं. २०१२ चा निष्कर्ष: त्यांतले सुमारे एक तृतीयांश स्वमग्न. एरिक इमर्सन आणि सहकाऱ्यांचा २०१० चा अंदाजही २० ते ३३ टक्क्यांचा.

९ मार्च
सहकारी म्हणाली, "पण स्वमग्नता पुरुषांत जास्त ना?" एरवी खरं आहे. मात्र अक्षमता मध्यम किंवा त्याहून जास्त असली की स्त्री-पुरुषांतली ही तफावत जवळजवळ उरत नाही, हेही ब्रुघांच्याच अभ्यासात आहे. लोर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड यांचा लंडनमधल्या कॅम्बरवेलच्या मुलांमधल्या स्वमग्नतेवरचा अभ्यास १९७९ चा. तोवर बाईंचं बालपण सरलं होतं. त्या लहान असताना 'ही स्वमग्नता आहे का' हा प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं.

१५ मार्च
डॉक्टर स्वमग्नतेच्या तपासणीसाठी बाईंचं नाव पाठवायला तयार झाले. निदान सोपं नाही. न बोलणं, डुलत राहणं बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता दोन्हींत दिसतं, त्यामुळे लहानपणची हकीकत लागते. आईवडील हयात नाहीत. धाकट्या भावाला फोन केला. त्यांना आठवतं: ताई चमचे लांबीप्रमाणे मांडायची, कुणी एक हलवला की दिवसभर रडायची. सगळं लिहून घेतलं.

३१ मार्च
आज घड्याळं तासभर पुढे गेली. दरवर्षी या दिवशी चहावरून आकांत होतो. या वेळी गुरुवारपासून चहा रोज पाव तास अलीकडे आणला आणि दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावला. अलार्मच्या चाचणीआधी आता त्यांना बागेत नेतो. आज जेवल्या, चहाही प्यायल्या.

२००९ च्या कायद्याने प्रौढ स्वमग्नांसाठी धोरण आखणं इथल्या सरकारला बंधनकारक केलं. पण ते बाईंपर्यंत पोहोचायचं तर आधी त्यांची स्वमग्नता कागदावर यायला हवी. उद्या मॅनेजरकडे उरलेल्या पाच फाइली मागणार आहे. तिघांत एक हे प्रमाण आमच्या घरालाही लागू असेल, तर सहांत बाई एकट्या नसणार.