फ्यूज पुन्हा उडाला!

कार-ऑडिओच्या कुठल्याही दुकानात बंद पडलेला अ‍ॅम्प्लिफायर घेऊन जा, उत्तर ठरलेलं असतं. 'हा गेलाय. नवीन घ्या.' काय गेलंय, का गेलंय, हे कोणी सांगत नाही. जणू तो डबा म्हणजे अखंड वीट, आत काही नसतंच!

माझ्या धाकट्या भावाच्या गाडीतला फोर-चॅनल अ‍ॅम्प असाच 'गेला'. फ्यूज बसवला रे बसवला की फट्! त्याने एक घातला, दुसरा घातला. तिसऱ्याला मी त्याचा हात धरला.

'ताई, सरळ नवीन घेऊ ना. एवढं काय त्यात?'

त्यात एवढंच, की मी चार वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि पुढची आठ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करतेय. पुण्यात असे इंजिनीअर किलोवर मिळतात म्हणा. पण समोर एक बंद सर्किट पडलंय आणि आपण कार्ड स्वाइप करून मोकळं व्हायचं? मग भिंतीवरच्या त्या डिग्रीत आणि कॅलेंडरमध्ये फरक काय उरला? माळ्यावरून सोल्डरिंग आयर्न काढलं.

आता थोडं तांत्रिक, पण कंटाळा नाही येणार, प्रॉमिस. गाडीची बॅटरी देते १२ व्होल्ट, इंजिन चालू असताना १४च्या आसपास. तेवढ्यावर चार ओहमच्या स्पीकरला जेमतेम २० वॅट मिळतात. (डेकच्या तोंडावर '५० वॅट x ४' छापलेलं असतं, ती निव्वळ जाहिरात.) म्हणून अ‍ॅम्पच्या पोटात एक छोटं वीजघर असतं. मॉसफेटच्या दोन टोळ्या बॅटरीचा करंट सेकंदाला हजारो वेळा आळीपाळीने चालू-बंद करतात, तांब्याची तार गुंडाळलेल्या रिंगसारख्या ट्रान्सफॉर्मरमधून व्होल्टेज वाढवून घेतात. टोळ्यांना ताल देणारा मुकादम म्हणजे टीएल४९४ नावाची सोळा पायांची आयसी. एखादा मॉसफेट शॉर्ट झाला, की बॅटरीचा प्लस जवळजवळ थेट ग्राउंडला. फ्यूज उडणारच, ते त्याचं कामच आहे. काही महाभाग फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतात. त्यांना मी गाडीच काय, सायकलही देणार नाही.

डबा उघडला. मल्टिमीटर बीपवर ठेवला, प्लस आणि ग्राउंडला पिना लावल्या. लांबलचक बीऽऽप. आउटपुटचे ट्रान्झिस्टर आणि रेक्टिफायर डायोड तपासले, ते ठणठणीत. म्हणजे दुखणं वीजघरातच. एका टोळीतले तिन्ही मॉसफेट शॉर्ट दाखवत होते, पण ते पॅरलल जोडलेले असतात, त्यामुळे एक मेला की तिघंही मेल्यासारखे दिसतात. बोर्डावरून काढल्याशिवाय खरा कोण ते कळत नाही. पॉवरचे जाड ट्रॅक सगळी उष्णता पिऊन टाकतात, माझं २५ वॅटचं आयर्न तिथे अगदीच बापुडवाणं. शेजारून ६० वॅटचं मागून आणलं. निघाला, कडेचा एकटाच शॉर्ट. त्याच्या गेटची रेझिस्टन्स कोळसा झालेली.

भाऊ खूश. 'म्हणजे एक पार्ट बदलला की झालं!'

इथेच तर सगळे फसतात. मॉसफेट मेला, कबूल. पण मरता मरता त्याने आणखी कोणाला नेलं? आणि मुळात तो मेला कशाने?

सहाही मॉसफेट बाहेर काढून ठेवले. बॅटरीच्या प्लसला सिरीजमध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावला. काही बिनसलंच, तर बल्ब पेटेल, करंट पावणेदोन अँपिअरच्या आसपास अडेल आणि जळणार काही नाही. रिमोटची वायर जोडली. टीएल४९४च्या १४ नंबरच्या पायावर बरोबर पाच व्होल्ट. मुकादम जिवंत! मग गेटच्या जागा मोजल्या. एका टोळीकडे पाच व्होल्टच्या आसपास, म्हणजे ताल पोचतोय. दुसरीकडे शून्य. तिथला चिमुकला ड्रायव्हर ट्रान्झिस्टरही शॉर्ट होता. तो तसाच ठेवून नवे मॉसफेट लावले असते, तर नव्यांचं काही खरं नव्हतं.

शनिवारी तपकीर गल्ली गाठली. आयआरएफझेड४४ मागितल्यावर काउंटरवरचे काका शांतपणे म्हणाले, 'मॅडम, ओरिजिनल पाहिजे की चालू?' इतका प्रामाणिक सेल्समन मला कुठल्याच मॉलमध्ये भेटलेला नाही. ओरिजिनल घेतले, तेही सहा, एकाच लॉटचे. एकत्र ओझं वाहणाऱ्यांत जुने-नवे मिसळले, की भार सारखा वाटला जात नाही. सगळं मिळून दोन कॉफींच्या पैशांत.

आणि खुनी? तो सापडला परत जोडताना. मॉसफेटची पाठ अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीला दाबून धरायला पट्टी असते. तिला चार स्क्रू हवेत, होते तीन. डबा आमच्या आधी कुणीतरी उघडला होता आणि एक स्क्रू लावायचा राहिला होता. नेमक्या त्याच कोपऱ्यातला मॉसफेट बॉडीला नीट टेकतच नव्हता. उष्णता जाणार कुठे? उन्हाळ्यात डिकीत तापत तापत गेला बिचारा. नवे कितीही लावले असते, त्या जागेवरचा पुन्हा गेलाच असता.

जुनी वाळकी पेस्ट खरवडून नवी लावली. इन्सुलेटर जागेवर. चौथा स्क्रू भावाच्या जुन्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधला, चपखल बसला. आणि हो, पट्टी आवळल्याशिवाय चाचणी नाही, दोन सेकंदसुद्धा नाही. पुन्हा तोच बल्ब. क्षणभर भक्कन पेटला, कपॅसिटर भरले, आणि विझला. आम्ही दोघंही श्वास धरून. रेल मोजल्या. प्लस २८, मायनस २८.

बल्ब काढून दहा अँपिअरचा फ्यूज घातला. टिकला. स्पीकर जोडला. वाजला!

भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग खिशातून मोबाइल काढला.

'ताई, माझ्या मित्राचाही गेलाय गं.'

'फ्यूज किती उडवले त्याने?'

'चार.'

'त्याला म्हणावं, पाचवा घालू नकोस. आणि डबा कोणी उघडला होता का, ते विचार.'