अर्जाची भाषा

आमच्या गावाचे नाव काय लिहावे, येथूनच अडचणीला आरंभ होतो. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदोपत्री ते ‘बेळगावी’ झाले. घरात, बाजारात आणि पत्रव्यवहारात मी बेळगावच म्हणत आलो आहे आणि यापुढेही म्हणेन. त्यात आवेश नाही, सवय आहे; परंतु या गावात सवयीलाही पक्ष चिकटतो. पुण्या-मुंबईकडचे स्नेही भेटले, दिल्लीत कोणी अगत्याने चौकशी केली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : “सीमाप्रश्नावर तुमचे काय मत?” आमच्या गावी माणसे राहतात, त्यांच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात तळ गाठते, त्यांना घरपट्टी भरावी लागते, या गोष्टींवरही एखाद्याला मत असू शकेल, ही शंका सहसा कोणाला येत नाही.

विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, म्हणजे पुढचे बोलणे मोकळेपणाने करता येईल. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात घातले गेले, तो निर्णय मला अन्यायाचा वाटतो. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव ज्या साहित्य संमेलनात झाला ते १९४६ चे संमेलन याच गावी, माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली भरले होते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या निर्णयाचा सल समजावून सांगावा लागत नाही. जानेवारी १९५६ मध्ये आणि पुन्हा १९८६ मध्ये येथे गोळीबारात माणसे पडली. महाजन आयोगाने १९६७ साली बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवावे असे सांगितले, महाराष्ट्राने ते मानले नाही, आणि २००४ साली दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. दावा लागावा, निकाल आमच्या बाजूने व्हावा, असे मला मनापासून वाटते. येथवर माझ्यात आणि चौकात भाषण करणाऱ्यात काही अंतर नाही.

अंतर पडते ते पुढे. काही वर्षांमागे आमच्या घरामागचे गटार तुंबून गल्लीत पाणी येऊ लागले, तेव्हा मी एका सरकारी कचेरीत मराठीत अर्ज घेऊन गेलो. मेजापलीकडचा तरुण घरी मराठीच बोलणारा होता. त्याने अर्ज उभ्याउभ्या वाचला, त्याला तो पुरता समजलाही, आणि मग तो हलक्या आवाजात म्हणाला, “काका, एवढं कन्नडमध्ये लिहून आणा. मला कळतंय हो, पण वर पाठवताना माझी अडचण होते.” त्याच्यावर रागावणे मला शक्य नव्हते, नोकरी करणाऱ्याला वरचे तोंड पाहावेच लागते. बाहेर आलो तर ओळखीचे एक कार्यकर्ते भेटले. हकिगत ऐकून त्यांचे डोळे चमकले. “अर्ज माझ्याकडे द्या. उद्या छापून आणतो. मराठी माणसाचा अर्ज नाकारला!” मी म्हटले, “आणि गटार?” ते हसले. ते हसणे दुष्टपणाचे नव्हते. गटाराचा प्रश्न त्यांना खरोखरच त्या क्षणी अप्रस्तुत वाटला असावा.

या प्रसंगाचा मी पुष्कळ विचार केला आहे. संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदाप्रमाणे कोणाही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यात अथवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय असावी, हे सांगणारा ३५०-क हा अनुच्छेद, आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमणारा ३५०-ख, हे दोन्ही १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आले. म्हणजे ज्या वर्षी आम्हांला म्हैसूर राज्यात घातले, नेमके त्याच वर्षी. एखाद्या भागात अल्पसंख्य भाषकांचे प्रमाण शेकडा पंधरा वा अधिक असेल तर महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असा संकेतही पुढे केंद्राने आणि राज्यांनी मिळून मान्य केला. आमच्या गावी मराठी बोलणाऱ्यांचे प्रमाण पंधराच्या कितीतरी पुढे आहे.

हा हक्क दाव्याच्या निकालावर अवलंबून नाही, हे कोणी स्पष्ट बोलत नाही. बेळगाव उद्या महाराष्ट्रात गेले तर तो येथल्या कन्नड माणसाचा हक्क होईल, आणि न गेले तर आज जसा आहे तसा माझा राहील. परंतु तो कोणालाच सोयीचा नाही. कर्नाटकाच्या सत्ताधाऱ्यांना वाटते की मराठीत एक पावती दिली तर दाव्यात पुरावा दिल्यासारखे होईल. आमच्या पुढाऱ्यांना, मी कटू बोलतो आहे याची जाणीव ठेवून म्हणतो, मनातून भीती वाटत असावी की पावती मराठीत मिळू लागली तर गाऱ्हाण्याची धार जाईल. या दोन भीतींच्या मध्ये माझा अर्ज सापडला. शेवटी शेजारच्या निवृत्त कन्नड मास्तरांनी त्याचा तर्जुमा करून दिला, तो वर आणि मूळ मराठी खाली जोडून मी अर्ज दाखल केला. “तुमचं मराठी माझ्या कन्नडापेक्षा जास्त भांडखोर आहे,” असा शेराही मास्तरांनी मारला.

गटाराचे सोडा, गावाचा मोठा प्रश्न आहे बळ्ळारी नाल्याचा. दर पावसाळ्यात तो फुगतो आणि शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर या बाजूंच्या शिवारांत पाणी पसरते. बेळगावच्या बासमती तांदळाचे नाव ज्यांनी ऐकले असेल त्यांनी हे शिवार मनात आणावे. लावणी करावी आणि आठ दिवसांत ती कुजलेली पाहावी, असे येथे पुनःपुन्हा घडते. त्याच काळ्या मातीतून हलगा-मच्छे वळणरस्त्याची आखणी झाली. शेतकरी वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढले, स्थगिती मिळाली, उठली, आणि २०२१ मध्ये पोलीस बंदोबस्तात यंत्रे शेतात उतरली. बांधावर उभे राहणाऱ्यांत मराठी होते, कन्नड होते. रयत संघाची हिरवी उपरणी घेतलेली माणसे आणि आमच्या गल्लीतली माणसे तेथे एका सुरात घोषणा देत होती. या गावात गेल्या कित्येक वर्षांत इतकी स्वाभाविक गोष्ट मी पाहिली नाही. परंतु वळणरस्त्याला सीमाप्रश्नाची फोडणी देता येत नाही, त्यामुळे बाहेरगावच्या पत्रांना त्यात चव लागली नाही.

२०२२ च्या अखेरीचा काळ अनेकांच्या स्मरणात असेल. जत तालुक्यातील काही गावांनी, आम्हांला पाणी द्या नाहीतर कर्नाटकात जाऊ द्या, असा सूर लावला. कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी तो उचलला; महाराष्ट्राचे मंत्री बेळगावास यायचे ते आले नाहीत; केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीस बोलावले; आणि डिसेंबरातच दोन्ही विधिमंडळांनी एकमेकांविरुद्ध ठराव केले, महाराष्ट्राच्या ठरावात ८६५ गावांचा उल्लेख आला. त्या दिवसांत आमच्याकडे एक मजेची विसंगती पाहिली. महाराष्ट्रात जाऊ इच्छिणाऱ्या आमच्या गावांचे ठराव म्हणजे स्वाभिमान, आणि जतकरांचा ठराव म्हणजे चिथावणी! माझे मत असे की जतच्या माणसांनी भाषेचा नव्हे, तहानेचा ठराव केला होता. आपल्या गावाच्या राज्याला सोडण्याची धमकी दिल्यावाचून कालवा पुढे सरकत नाही, हे त्यांना कळले, आणि ते खरेही ठरले. विस्तारित म्हैसाळ योजनेच्या निधीच्या घोषणा त्यानंतर लगबगीने झाल्या. जत, अक्कलकोट, सोलापूर येथील कन्नड शाळांची अवस्था कशी आहे, याची चौकशी बेळगावच्या मराठी माणसाने इतर कोणाहीपेक्षा अधिक अधिकाराने करायला हवी. ती आम्ही करत नाही.

आणि फेब्रुवारी २०२५. बाळेकुंद्रीच्या बाजूला एका बसवाहकाला भाषेच्या वादातून मारहाण झाली. लगोलग चित्रदुर्गाजवळ महाराष्ट्राच्या बसला आणि तिच्या चालकाला काळे फासले गेले, दोन्ही राज्यांच्या गाड्या थांबल्या, २२ मार्चला कर्नाटक बंद पुकारला गेला. मला येथे तोलून-मापून बोलायचे नाही. तिकीट देणाऱ्या माणसाला मराठी येत नाही म्हणून मारणे हे निंद्य आहे, आणि त्यात मराठीचे काही हित नाही. २००५ साली आमच्या महापौरांना बंगळूरात काळे फासले गेले तेव्हा आम्ही जे शब्द वापरले, तेच शब्द मी येथे वापरतो. मला वेगळे शब्द ठाऊक नाहीत. गाड्या बंद झाल्या तेव्हा खोळंबले कोण, तर कोल्हापूरला दवाखान्यात जाणारे आणि निपाणीहून कामाला येणारे.

पाट्यांविषयीही विचारतात. कर्नाटकाने २०२४ मध्ये फलकाचा साठ टक्के भाग कन्नडात असावा असा कायदा केला. त्याआधी २०२२ मध्ये महाराष्ट्राने सर्व दुकानांना मराठी पाटी सक्तीची केली होती. पाटी मोठी की लहान यावर दोन्हीकडे पथके फिरतात. दरम्यान आमच्या लहानपणीच्या मराठी शाळेत वर्ग जोडावे लागले, आणि मास्तर ज्या कन्नड शाळेत तीस वर्षे शिकवत होते तेथेही तीच गत आहे. मुले कोठे गेली, हे वाचकांस सांगायला नको.

सप्टेंबर २०२१ मध्ये आमच्या महापालिकेची निवडणूक प्रथमच पक्षांच्या चिन्हांवर झाली. ५८ पैकी ३५ जागा भारतीय जनता पक्षाला मिळाल्या आणि एकीकरण समितीचे सभासद बोटांवर मोजण्याइतके उरले. यावर बाहेरगावाहून मला कितीतरी पत्रे आली : मराठी माणूस फितूर झाला का? माझ्या गल्लीत मी पाहिले ते इतकेच की लोकांनी नाला कोण बांधील याचा अंदाज करून मत दिले; अंदाज बरोबर होता की चूक, हा निराळा भाग. मात्र निवडून आलेल्या त्या ५८ जणांना आपला महापौर निवडण्यासाठी फेब्रुवारी २०२३ उजाडावे लागले. तोवर एक अख्खा पावसाळा गेला, शिवारात पाणी आले, आणि गाव अधिकाऱ्यांच्या सहीने चालले. त्या सतरा महिन्यांविषयी तुमचे काय मत, असे मला अजून कोणी विचारलेले नाही.