उतारावरचा आवाज

करूळ घाट उतरून आलेला ड्रायव्हर गॅरेजसमोर गाडी लावतो आणि खाली उतरायच्या आधीच सांगतो. कोल्हापूरकडचा असेल तर, "मेस्त्री, उतरताना टकटक वाजतंय बघा, चढाला कायबी नाही." इकडचा असेल तर, "मेस्त्रीनू, उताराक वाजता, चढाक काय एक नाय." वैभववाडीत घाटाच्या पायथ्याशी धंदा मांडला तेव्हापासून हे वाक्य माझ्या मागे लागलं आहे. क्लच, ब्रेक, सर्व्हिसिंग यांवर घर चाललं, पण झोप उडवली ती या वाक्याने.

चढाला इंजिन डिझेल जाळत असतं, त्या ठोक्यांखाली बाकीचे आवाज बुडतात. उताराला खालच्या गिअरमध्ये भरलेली गाडी सोडली की चाकंच इंजिनला फिरवायला लागतात. गव्हर्नर डिझेल तोडतो, पण चाकांना आवरणं त्याच्या हातात नाही. अडीच हजार आरपीएमला व्हॉल्व्ह मिनिटाला 1250 वेळा उघडून बसतो. इंजिन साडेतीन हजारांवर गेलं की तेच 1750 वेळा व्हायला हवं. व्हॉल्व्ह मिटवणाऱ्या स्प्रिंगमध्ये तेवढा दम नसेल तर व्हॉल्व्ह कॅमच्या मागे राहतो, मध्ये क्षणभर फट पडते आणि ती मिटताना टक्क होतं. त्यात एक्झॉस्ट ब्रेक लावला तर पाइपात कोंडलेला दाब एक्झॉस्ट व्हॉल्व्हला मागून रेटतो. नरम स्प्रिंग तिथे हार मानते. हेड काढल्यावर पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखी चकाकती खूण दिसली की व्हॉल्व्ह आणि पिस्टनची गाठ पडून गेलेली असते. आणि हीच गाडी गॅरेजमध्ये उभी करून रेस दिली तर बऱ्याचदा काहीच वाजत नाही, कारण उभ्या गाडीत गव्हर्नर तिला त्या वेगापर्यंत जाऊच देत नाही.

मला माझ्या कानाचा गर्व होता. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक हेडवर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवायची, आणि थोड्या वेळाने सांगायचं, "तिसऱ्याचा एक्झॉस्ट." तेव्हा क्लीनरपासून चहा घेऊन आलेल्या पोरापर्यंत सगळे गप्प उभे असायचे. ती शांतता मला फार आवडायची. उत्तर केव्हाच कळलेलं असलं तरी मी मूठ कानाशी धरून ठेवायचो, कारण लोक बघत असायचे.

वय झालं तसे आधी बारीक आवाज गेले. पावसाळ्यात बेडूक ऐकू येतात, रातकिडे ऐकू येत नाहीत. स्प्रिंगचं दुखणं सुरुवातीला रातकिड्याच्याच पट्टीत बोलतं. ते मला ऐकू येईल इतकं मोठं होईपर्यंत कॉटर सैल झालेले असतात, पुश रॉड वाकलेला असतो. माझा भाचा आयटीआय करून माझ्याकडे शिकायला आला आहे. एकदा बॉनेटवर दोघेही वाकलो होतो, तो सहज म्हणाला, "मामा, दुसऱ्याचा वाजतोय." मला काही ऐकू आलं नव्हतं. दुसऱ्याचीच स्प्रिंग निघाली. पोरगा तयार होतोय याचा आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या खाली एक जळजळही होती, ती लपवून काय उपयोग?

2024 च्या जानेवारीत करूळ घाट रुंदीकरणासाठी बंद झाला. वर्षभर अवजड गाड्या फोंडा घाटाने गेल्या, छोट्या भुईबावड्याने. गॅरेजसमोरचा रस्ता ओस पडला. त्या रिकामपणात भाच्याने एक गोष्ट उभी केली. बेंच ड्रिलच्या टेबलावर वजनकाटा ठेवला, काट्यावर स्प्रिंग, आणि ड्रिलच्या चकमध्ये एक सपाट तोंडाचा रॉड. हँडल खाली ओढून स्प्रिंग नेमक्या उंचीपर्यंत दाबायची, बाजूला व्हर्निअर धरायचं आणि किलो वाचायचे. आम्ही जुन्या डब्यातल्या स्प्रिंगा एकेक करून दाबल्या. उभ्या ठेवल्या तर नव्या-जुन्या सारख्याच दिसणाऱ्या स्प्रिंगा काट्यावर वेगळं बोलत होत्या.

डुप्लिकेट माल इथे उघडा पडतो. लांबी बरोबर, वेटोळी बरोबर, डब्यावर छापही झकास, फक्त तार बारीक. चार मिलिमीटरच्या जागी 3.9 तार वापरली तर डोळ्याला फरक कळत नाही, पण स्प्रिंगचा जोर तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर चालतो. केसाएवढ्या फरकाने दहा टक्के जोर जातो. मोजक्या पैशांसाठी असा माल बसवणारे माझ्या धंद्यात आहेत. घाटाखाली बसून हे करणाऱ्याला मी मेस्त्री म्हणत नाही.

पण मला सगळ्यात जास्त छळलं ते कोडं वेगळं आहे. अस्सल कंपनीच्या नव्या स्प्रिंगा, काट्यावर पास झालेल्या, काटकोनात उभ्या राहणाऱ्या, तरी घाटात टकटक कायम. चिरे वाहणाऱ्या गाड्यांमध्ये हे फार. त्यांची हेडं पुन्हा पुन्हा उतरलेली असतात. प्रत्येक वेळी व्हॉल्व्हची बैठक, म्हणजे सीट, कापली, व्हॉल्व्ह घासला, की व्हॉल्व्ह हेडमध्ये थोडा खोल बसतो आणि त्याची दांडी वरच्या बाजूला तेवढीच बाहेर येते. स्प्रिंगवरची टोपी उचलली जाते, स्प्रिंगला जागा जास्त मिळते, आणि बसल्या जागी ती कमी दाबली जाते. मिलिमीटरला तीन किलो जोर धरणारी स्प्रिंग असेल तर मिलिमीटरभर खोल गेलेल्या सीटने तीन किलो खाल्ले. टॅपेट सेट करताना हे लपून जातं, कारण स्क्रू फिरवून फट बरोबर घेता येते. फीलर गेज समाधानाने सरकतं. स्प्रिंगची उभी जागा कोणी मोजतच नाही. स्प्रिंगखाली योग्य जाडीचं शिम, म्हणजे पातळ चकती, घातलं की आवाज जातो. मात्र शिम जास्त झालं तर पूर्ण उघडताना वेटोळ्याला वेटोळं भिडतं आणि कॅम झिजतो. तो अर्धा मिलिमीटर शोधण्यात मी माझा जेवढा वेळ घालवला तेवढा देवपूजेतही नाही.

शिवाजी उद्यमनगरात सीट कापणारे अप्रतिम कारागीर आहेत. कोल्हापूरच्या त्या गल्ल्यांत मी जे शिकलो त्याचं ऋण मोठं आहे. पण हल्ली हेड परत येतं तेव्हा सोबत बिल असतं, किती कापलं याचा कागद नसतो. आणि नव्या पिढीच्या गॅरेजात तर स्प्रिंग कम्प्रेसर धूळ खात पडलेला दिसतो. स्कॅनर लावतात, मिसफायर दाखवला की अख्खं हेड बदलायला सांगतात. 2020 नंतरच्या बीएस-सहा गाड्यांना स्कॅनर हवाच, त्याला माझा विरोध नाही. पण कुठलं वेटोळं कुठे तुटलं हे स्कॅनर सांगत नाही.

तुटलेली स्प्रिंग हातात घेऊन बघावी. देवगड-विजयदुर्गाकडून बोटीची इंजिनं येतात. 1 जूनपासून मासेमारी बंद, इंजिन खाऱ्या दमट हवेत पडून, आणि हंगाम सुरू झाला की थोड्याच दिवसांत स्प्रिंग तुटते. तार सरळ आडवी तुटत नाही, पिळाने तिरकी फाटते. तोंडावर एका कडेला काळपट डाग असतो, बाकी भाग ताजा चकचकीत. काळ्या डागाच्या मुळाशी नीट पाहिलं तर गंजाचा टाचणीच्या टोकाएवढा खड्डा सापडतो. भेग तिथून निघते. म्हणूनच स्प्रिंगला पक्कड लावलेली मला खपत नाही. पक्कडीचा ओरखडासुद्धा तेच काम करतो.

भाच्याने मोबाइलवर दाखवलं की 1954 च्या मर्सिडीजच्या रेसच्या गाडीत व्हॉल्व्ह मिटवायलाही स्वतंत्र कॅम होता, स्प्रिंगवर भरवसाच ठेवला नव्हता. डुकाटीच्या मोटारसायकलींनी तीच वाट धरली, आणि 1986 मध्ये रेनोने रेसच्या इंजिनात स्प्रिंगच्या जागी दाबाची हवा भरली. एवढ्या मोठ्या इंजिनिअरांनाही जिने दमवलं तिच्याशी मी आयुष्यभर झुंजलो, याचं मला बरं वाटलं.

आता ऐकायचं काम भाचा करतो आणि काट्यावरचे आकडे मी वहीत उतरवतो. गाडीमालकांना माझं एकच सांगणं आहे. हेडचं काम कुठेही करा, पण सीट किती कापली आणि स्प्रिंगची बसल्या जागची उंची किती राहिली, हे दोन आकडे प्रत्येक व्हॉल्व्हचे कागदावर लिहून घ्या आणि तो कागद गाडीतच ठेवा.